एकाला लागू पडला म्हणून

बाबा, परवा तुझा पट्टा पुन्हा खुंटीवरून खाली आला. कंपनीतल्या पंपाचा तो काळा पट्टा, टाकाऊ म्हणून तू घरी आणला होतास. तू गेल्यावरही आईने तो फेकला नाही, का ते तिलाच ठाऊक. दादाने तो काढला, स्वतःच्या पोरावर. चार वर्षांचं पोरगं, जेवता जेवता दोनदा उठून कोंबड्यांमागे पळालं, एवढाच गुन्हा. पहिला फटका त्याच्या मांडीवर बसला. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. पुढचं मला नीट आठवत नाही. माझ्या हातात जेवायचा पाट होता, दादाच्या कानामागून रक्त गळत होतं आणि तो भिंतीला टेकून हसत होता. ‘‘मार, अजून मार. मला बाबानं मारलं म्हनून तर मी सुदारलो.’’ आणि दारात ती उभी होती.

ती म्हणजे कोण, ते तुला कसं ठाऊक असणार? पॉवरहाऊसच्या कॉलनीत राहते, बालवाडीत शिकवते. तिच्याबद्दल घाण बोलणाऱ्या एकाचे दात मी पालघरला कॉलेजच्या पायऱ्यांवर पाडले आणि प्राचार्यांचं बोलावणं यायच्या आत कॉलेजच सोडलं. तिच्याशिवाय मला काही सुचत नाही, बाबा. परवा ती पहिल्यांदाच आईला भेटायला आली होती. भेटायच्या आधी तिने हे पाहिलं. पिशवीतली फुलं दारातच ठेवून निघून गेली.

आम्ही दोघंही तसलेच होतो. शाळेत बाक मोडायचे, पाट्या फुटायच्या, मास्तर निरोप धाडायचे, आणि तू पाळी संपवून यायचास तो अंगाला ॲसिडचा वास घेऊनच. डबा खाली ठेवायच्या आधी पट्टा हातात. दादा एका पावसाळ्यात गप्प झाला. तू आईला कौतुकाने सांगितलंस, ‘‘एकाला लागू पडला. दुसऱ्यालाबी पडंल.’’ मला नाही पडला. मी तुझ्या मनगटाला चावलो. तू मला ओट्याच्या खांबाला बांधलंस, तर मी लाथांनी रांजण फोडला. तू जितका मारायचास तितका मी पेटायचो, आणि मी पेटलो की मार कमी पडला असं धरून तू अजून मारायचास. पाठीवर अजून तीन वण आहेत. मांडीवरचे मोजलेले नाहीत.

मग कंपनीच्या डॉक्टरांनी आपल्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टर बाई तुला म्हणाल्या की ही मुलं मुद्दाम करत नाहीत, त्यांचा मेंदू थांबायला उशीर लावतो. तू म्हणालास, गोळीने गुण येईल का तेवढं सांगा. बाई म्हणाल्या, ‘‘कुठल्या मुलाला कशाचा गुण येईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. थोडं द्यायचं, बघायचं, मग पुढचं ठरवायचं. भाऊ असले तरी एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही.’’ गाडीत तू सगळा रस्ता कुरकुरत होतास, सांगता येत नाय तर डॉक्टर कशाला झाली.

दादा वरून गप्प झाला तरी आतून तसाच होता, म्हणून गोळी दोघांनाही सुरू झाली; ती दादाला बाधली. जेवण सुटलं, झोप उडाली, बोटांची कातडी रक्त येईपर्यंत सोलत बसायचा. मला मात्र गुण येत होता. तरी तू दोघांच्याही गोळ्या गटारात ओतल्यास. ‘‘एकाला बाधली. दुसऱ्यालाबी बाधंल.’’ मी तुझा हात धरायला धावलो, तर तू मला असा भिरकावलास की उंबऱ्यावर माझा दात तुटला. आणि संध्याकाळी पट्टा.

रिअ‍ॅक्टरवर मात्र, म्हणजे कंपनीत रसायनं शिजतात तिथे, तू असा नव्हतास. तूच सांगायचास, शेजारी शेजारी बसवलेल्या दोन व्हेसल, म्हणजे बंद टाक्या, माल तोच, माप तेच, तरी एक लवकर तापते आणि दुसरी दुपारपर्यंत थंड राहते. म्हणून ॲसिड थोडं थोडं सोडायचं, तापमानाच्या काट्यावरून नजर हलवायची नाय, काटा चढला की हात आखडायचा. एकदम ओतलं की संपलं. आधीच्या पाळीवाल्यांनी घरी जायच्या घाईत उरलेलं एकदम ओतलं, आणि झाकण उडालं तेव्हा समोर तू होतास. इस्पितळात तुझे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. मी त्या हातांकडे बघत होतो आणि मला वाटलं, आता हा मारू शकणार नाही. मग तू गेलास.

काल तिला केळव्याला गाठलं. बराच वेळ ती वाळूत चपलेने उकरत राहिली. मग म्हणाली, ‘‘आपल्याला तुझ्यासारखं पोर झालं, तर? पट्टा नाही उचलणार, हे कळलं मला. पण पाट उचलशील.’’ माझं डोकं सणकलं. हात खिशात कोंबले. आणि तोंडातून तू निघालास, बाबा. म्हटलं, थोडं थोडं सोडेन, काटा बघेन, चढला की हात आखडेन. एकाला लागू पडलं म्हणून दुसऱ्याला लावणार नाही. तिने विचारलं, हे कुणी शिकवलं. मी म्हटलं, बाबांनी. ‘‘मग मीही तसंच करते,’’ ती म्हणाली. ‘‘थोडे दिवस बघते. काटा चढला तर हात आखडेन.’’ हसली नाही. पण परत फिरताना माझ्या बाजूने चालत होती.

दादाशी अजून बोललेलो नाही. पट्टा मी कोयत्याने कापला आणि तुकडे चुलीत घातले. रबराचा धूर घरभर झाला, आई खोकत राहिली. हे पत्रही त्याच चुलीत जाईल.

एकच सांगायचं राहिलं. तुझ्या व्हेसलची ती गोष्ट तू शंभरदा सांगितली असशील, मी दरवेळी अर्ध्यावर उठून पळायचो. शेवटपर्यंत ऐकली ती फक्त गोळीच्या त्या दिवसांत, ओट्यावर, तुझ्या गुडघ्याला टेकून. तेव्हा तू मला आवडायचास.