मसाटच्या स्टोअरातलं ड्रिल मशीन

माय, आज दुकानात एक जण सिमेंटच्या गोणीत ग्राइंडर घेऊन आला आणि तो गेल्यावर मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. मशीन चांगलं होतं, जवळजवळ नवंच. वायर मात्र मुळाशी कापलेली, आणि माणूस घाईत. मी म्हटलं, "घेतो की. पण तुझ्या घरी चहा पाजशील का? तिथंच बसून बघू." तो म्हणाला, घर लांब आहे. मी म्हटलं, असू दे, स्कूटर आहे माझी. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची जमीनच मागितली, आणि गोणी उचलून चालू लागला. शेजारचा हार्डवेअरवाला हसत होता. मला सगळे हसतात. जुनी मशीनं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची, हा धंदा करणारा माणूस आधी गिऱ्हाइकाच्या घरी चहा पितो म्हणजे काय? पण हा नियम तुझा आहे, आणि तो ज्या मशीनमुळे झाला त्याच्यापायी तुझी नोकरी जायची वेळ आली होती. ते मशीन घरात मीच आणलं होतं. त्याबद्दल तुला एक सांगायचं राहिलंय.

आपण धुळ्याकडून इकडे आलो तेव्हा सिल्वासात कारखान्यांपेक्षा झाडंच जास्त होती. बाबा गेल्यावर शेजारच्या मसाट गावातल्या त्यांच्याच कंपनीनं तुला स्टोअरात घेतलं. सातवी शिकलेली बाई, पण महिन्याभरात सगळं स्टोअर तुझ्या मुठीत. जाळीची खिडकी, मागे भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याला एक मशीन. कामगारानं स्वतःच्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा आणि मशीन न्यायचं. तू तो बिल्ला त्या रिकाम्या खिळ्याला अडकवायचीस. संध्याकाळी मशीन परत आलं की बिल्ला परत. बिल्ला मागे ठेवल्याशिवाय खुद्द साहेबाला तू पाना दिला नाहीस म्हणे, आणि त्यावरून कंपनीत आठवडाभर हसाहशी झाली. जेवताना तू आम्हाला मशीनच्या खबरी सांगायचीस. अमकं फार तापतं, तमक्याचा आवाज बसलाय. माझी बहीण चिडून म्हणायची, आमचा ताप कधी बघितलास का एवढा?

मी तेव्हा बावीस वर्षांचा, एका फर्निचर कंत्राटदाराच्या हाताखाली राबत होतो आणि त्याच्या नावानं रोज बोटं मोडत होतो. टोकरखाड्यात नव्या कॉलन्या उठत होत्या, घरोघरी कपाटं आणि फळ्या ठोकायच्या होत्या. स्वतःचं ड्रिल मशीन असतं तर मीच कंत्राटदार, हे एकच वेड डोक्यात. अशात मला गलोंड्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी एक माणूस भेटला आणि मशीन मिळालं. सुट्टीचा दिवस होता. मी ते मिरवत घरी आणलं. तू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापतेयस. आठ दिवस तू नीट जेवत नव्हतीस. विचारलं की पित्त झालंय म्हणायचीस आणि मीही ते खरं मानून मोकळा व्हायचो. मी मशीन ओट्यावर ठेवतो. तुझ्या हातातली भाकरी परातीतच राहते. तू पिठाचा हात पदराला पुसतेस, मशीन उचलतेस, उलटं करतेस. कंपनीची पट्टी होती तिथं नुसती घासल्याची चकाकी. मग तू खिडकीपाशी जाऊन मुठीवरच्या स्क्रूच्या खोबणीत एक डोळा बारीक करून बघतेस.

"इकडे ये, बघ," म्हणालीस. खोबणीत आत लाल रंगाचे दोन ठिपके होते. मला काही कळेना. तू म्हणालीस, "नेलपॉलिश आहे. ऑइलपेंटची खूण लोक घासून काढतात, म्हणून प्रत्येकाला आत ही लावून ठेवलीय. बाटली घ्यायला गेले तेव्हा दुकानातली बाई माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघतच राहिली." हे सांगताना तू थोडी हसलीस, आणि मग एकदम खाली बसलीस. आठ दिवसांपूर्वी स्टोअरात या मशीनचा खिळा रिकामा सापडला होता. मशीन नाही, बिल्लाही नाही. साहेबांनी सांगितलं होतं, उद्यापर्यंत मशीन मिळालं नाही तर तुम्ही घरी बसा. हे तू आम्हाला सांगितलंच नव्हतंस.

"कोणाकडून घेतलंस, भाऊ?" तू मला लहानपणापासून भाऊच म्हणायचीस. मी म्हटलं, टपरीवर एक जण होता, गावी चाललोय म्हणाला. "त्याचं घर बघितलंस?" नाही. "नाव विचारलंस?" नाही. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. "ज्याचं मशीन असतं ना, भाऊ, त्याच्या घरात त्याची एक जागा असते. पलंगाखाली आहे की कपाटावर, हे बायकोला ठाऊक असतं. पोरं त्याच्या आवाजानं उठलेली असतात. घरी जाऊन घोटभर चहा घेतला असतास तर सगळं समजलं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुला माहीत होतं का रे, हे चोरीचं आहे म्हणून?" मी म्हटलं, नाही, माय. देवाशपथ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला सोबत नेलंस. मी मशीन टॉवेलात गुंडाळत होतो तर तू टॉवेल काढून घेतलास. "झाकून गेलंय ते. उघडं येऊ दे." मसाटच्या गेटवर पाळी सुटत होती, दोनशे डोळे माझ्या हाताकडे. साहेब गुजराती, तुला बेन म्हणायचे. "बेन, ये आपका लडका?" त्यांनी पोलिसांत द्यायची भाषा सुरू केली. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. तू टेबलाजवळ गेलीस आणि तुझ्या त्या अर्ध्यामुर्ध्या हिंदीत म्हणालीस, "साहेब, इसको मालूम नहीं था. मेरा लडका मेरे से झूठ नहीं बोलता. बोला होगा तो मेरेको आजच निकालो."  साहेबांनी मला त्या माणसाचं वर्णन विचारलं, कागदावर लिहून घेतलं आणि जायला सांगितलं. तो माणूस पुढे सापडला नाही. तू मशीन घेऊन स्टोअरात गेलीस, खिळ्याला लावलंस, आणि जाळीतून मला विचारलंस, "सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना?" आणि तुझा डबा मला दिलास. मी गेटबाहेर बसून तुझी भाकरी खाल्ली, निर्लज्जासारखी सगळी खाल्ली.

पुढे काही वर्षांनी मी दुकान काढलं ते तुझ्या भरवशावर. रिटायर झाल्यावर तू दुपारची येऊन बसायचीस, कोपऱ्यात वाती वळत, आणि येणाऱ्याला हळूच विचारायचीस, मशीनला काय दुखतं खुपतं? स्वतःचं मशीन विकणारा लगेच सांगतो, ब्रश झिजलेत, बटण अडकतं. चोरलेलं आणणारा नुसती तारीफ करतो. वायर कापलेली असली तर तू मान हलवायचीस, कारण कारखान्याचा जाड प्लग लपवायलाच ती कापतात. आणि ज्यांच्या घरी मी चहाला गेलो त्यांपैकी कित्येक जण आजही येतात. कुणाच्या लग्नाला गेलो, कुणाच्या दहाव्यालाही. तुझी फार आठवण येते तिथं. कपबशी हातात दिली की मला वाटतं, तू मागे उभी आहेस.

आता राहिलेलं सांगतो. मला माहीत होतं, माय. टपरीवरच्या माणसानं सगळं सांगितलं होतं. मशीन मसाटचं, कंपनी अमकी, पट्टी घासलीय, कुणाचा बाप ओळखणार नाही. कंपनी तुझीच होती. मी हसून म्हणालो होतो, एवढ्या मोठ्या कंपनीला एक मशीन म्हणजे काय! कंपनी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे साहेबाची गाडी आली, तू आलीच नाहीस. आणि दुसऱ्या दिवशी तू तुझी नोकरी माझ्या शब्दावर लावलीस तेव्हा मी शेजारी उभा राहून मान खाली घातली. उभ्या जन्मात साहेबांपुढे तुझ्या तोंडून एकच खोटं वाक्य गेलं, आणि ते माझ्यामुळे. तुला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, की कळूनच तू गप्प होतीस, याचा विचार करून मी थकलो. दवाखान्यात तुझे पाय चेपताना दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा औषधाचं विचारलं. आज सगळं लिहिलं म्हणून मला फार धीट समजू नकोस. खरं सांगायचं तर तू असतीस तर हे पत्र मी लिहिलंच नसतं.