माशानं पळवलेली सुरी

लुआन्श्या,
ऑक्टोबर

प्रिय लोम्बे,

तुझा निरोप फोनवर मिळाला. "काका, सोमवारपासून सोल्वेझीला नव्या घरांच्या वायरिंगवर रुजू होतेय. केबलची वरची साल काढायला कोणतं हत्यार घेऊ ते कळवा. बाबांची सुरी तर तुम्हीच नेलीत." बापाला मूठमाती दिली त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नव्हतीस, त्यामुळे शेवटच्या वाक्यासकट एवढंही मला पुष्कळ वाटलं. उत्तर फोनच्या चिमुकल्या पडद्यावर देता आलं असतं. पण हत्यारांबद्दल मी आजवर कुणाला अर्धवट सांगितलेलं नाही, आणि तुला तर नाहीच नाही. म्हणून दुपारभर ओसरीत बसून कागदावर लिहितो आहे.

आपली नेहमीची करडी चपटी केबल डोळ्यांसमोर आण. वर जाड साल. आत लाल आणि काळी अशा दोन तारा, आपापल्या पातळ सालीत, आणि दोघींच्या मधे अर्थिंगची उघडी तार. वरची साल निघावी आणि आतल्या दोघींना त्याची खबरही लागू नये, एवढंच काम आहे. पण त्या एवढ्याशातच सगळा धंदा आला. लाल तारेवर केसाएवढा ओरखडा पडला तर तो दिसत नाही. भिंतीतल्या डब्यात जाऊन लपतो. घरवाले रंग देऊन, पडदे लावून निर्धास्त झाले, की मग एक दिवस स्विच गरम लागायला लागतो. आणि साल डब्याच्या तोंडाशीच कापायची नाही, बोटाच्या पेराएवढी आत येऊ द्यायची. हे मला कुणी शिकवलं नाही, दुसऱ्यांची बिघडलेली कामं उघडून उघडून मी शिकलो.

बाजारात टोपलीतून विकतात तो मोडत्या पात्यांचा कटर घेऊ नकोस. त्याचं पातं डुलतं, आपण किती खोल गेलो ते कळत नाही. दात तर लावायचेच नाहीत. तुझ्या बापाचा पुढचा दात कसा तुटला याच्या त्यानं तुला सांगितलेल्या सगळ्या कथा खोट्या आहेत, पोरी. बिबट्या नव्हता, चोरही नव्हते. केबल होती.

माझं हत्यार तू पाहिलेलं आहेस. केबलभोवती आवळायचं, स्क्रू फिरवून पातं किती बाहेर यावं ते ठरवायचं, आणि गोल फिरवायचं. कित्वेहून मी ते आणलं आणि त्यासोबतचा कागद वाचून स्वतःच चालवायला शिकलो. गोल केबलला त्याच्या तोडीचं काही नाही, जरूर घे. मात्र चपट्या केबलला ते कडांवर कापतं आणि मधे नुसतं चाटून जातं. तुझ्या बापासमोर हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नसतं. भर कामावर, घरमालकाच्या देखत तो ओरडायचा, "ए माशा, केबलशी लग्न लावतोस का? अंगठी काय घालतोस तिला!" मी म्हणायचो, "मगरी, तुझी ती सुरी खाटकाला देऊन ये. वायरिंगवाल्याच्या हाती शोभत नाही." घरमालक घाबरून बघत राहायचे, की आता हे दोघे हातघाईवर येतात की काय.

तू लहानपणापासून मिशनच्या बोर्डिंगात वाढलीस, म्हणून हे लिहावं लागतं. तुझा बाप चिसेंगा मगरकुळीचा, मी त्याचा कामातला जोडीदार मासेकुळीचा. मगर माशाला खाते, म्हणून या दोन कुळांना आजे-पणजांपासून एकमेकांना वाटेल ते बोलायची मोकळीक आहे, आणि त्यावर रागवायची कुणाला मुभा नाही. एकमेकांना पुरायचं कामही त्यांचंच. मगर मेली की खड्डा मासा खणतो, आणि रडणाऱ्यांना हसवतोही तोच. हे काम मला कधी अवघड वाटलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत.

घरची खबर सांगतो. तुझी आई बरी आहे. अंगणातल्या आंब्याला यंदा खूप फळ धरलंय. शेजारची पोरं दगड मारतात, पण ती कुणाला हाकलत नाही, नुसती ऐकत बसते. मी जातो तेव्हा मुंकोयोच्या आंबूस पेयाचा पेला भरून पुढे ठेवते आणि म्हणते, "प्या, नाहीतर मगर रागवेल." गेल्या शनिवारी गेलेल्याचं नाव वारसाला देण्याचा विधी झाला. तुझ्या आत्याचा मुलगा विधीचं पाणी प्यायला, तुझ्या बापाचा पट्टा त्यानं कमरेला बांधला, आणि आता चिसेंगा तोच. म्हणजे रीतीनं तुझा बाप झाला, तुझ्याहून वयानं लहान असला तरी. पोरगा वाईट नाही. पण तुझ्या बापाच्या हत्यारांच्या पेटीतलं ड्रिलयंत्र त्यानं आधीच विकून टाकलं, आणि शिडी आता कोंबड्या विकणाऱ्या बाईच्या छपराला टेकलेली दिसते. कायद्याच्या कागदावर लेकरांचाही वाटा असतो म्हणे. शोकाच्या घरात कागद कोण काढतो? आपल्याकडे मामाचं ते भाच्याचं. तुझ्या बापालाही मामाचंच मिळालं होतं.

तर चपट्या केबलबद्दल. एक युक्ती त्याचीच आहे, मी फक्त पोचवतो. टोकाला तार कापायच्या पकडीनं लहानशी चीर दे, आतली उघडी अर्थिंगची तार पकडीत घट्ट धर, आणि केबलच्या पाठीवरून मागे ओढत ने. तीच तार साल फाडत जाते, आतल्या दोघींना हातही न लावता. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "यात तुझी काय हुशारी, काम तर केबलच करते." तो म्हणाला, "म्हणूनच तर, माशा." पण जूनमधल्या ऐन हिवाळ्याच्या थंड सकाळी साल कडक होते, तेव्हा ही युक्ती तारच तोडते. आणि डब्यात आधीच शिरलेल्या, आखूड राहिलेल्या केबलला ती कामाची नाही. तिथे सुरीच लागते. त्याच्यासारखी सुरी.

ती त्यानं स्वतः केली होती, खाणीत कामाला होता तेव्हा, वर्कशॉपात टाकून दिलेल्या करवतीच्या पात्याची. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पुढे आकडा, मगरीच्या दातासारखा. धार फक्त आकड्याच्या पोटाला, टोक मुद्दाम घासून गोल आणि बोथट केलेलं. ते बोथट टोक आतल्या तारांवरून नुसतं सरकत जातं आणि मागून येणारं पोट साल कापतं. जन्मभर मी त्या सुरीला नावं ठेवली. तिच्या कामात मात्र मला कधी एक ओरखडा सापडला नाही, आणि मी शोधला नाही असं समजू नकोस.

आता मूठमातीच्या त्या दिवसाचं. मी त्याचा कामाचा झगा अंगात चढवला, त्याच्यासारखा डावा पाय ओढत शिडी खांद्यावर घेऊन अंगणभर फिरलो. खड्ड्याच्या काठावरून ओरडलो, "आयुष्यभर आम्हांला खाल्लंस ना? आता तू खाली, आम्ही वर!" लोक हसले. तुझी आत्या तर रडता रडता हसून माझ्या पाठीत बुक्क्या घालायला लागली, "मेल्या माशा, गप रे!" मग परत घरी येऊन मी त्याची पेटी उघडली, सुरी वर धरली आणि नाचलो, "मगरीचा दात उपटला! मगरीचा दात उपटला!" आणि खिशात घालून चालता झालो. कुणी अडवलं नाही, अडवता येतच नाही. फक्त दाराशी तू उभी होतीस. सगळ्या घरात तू एकटी हसली नव्हतीस. तू हळूच म्हणालीस, "तुम्हाला तर ती आवडतही नव्हती." पुढच्या वळणावर मी तो झगा काढला आणि तोंडावर धरून बसलो. माशाला मगरीसाठी चारचौघांत रडायची सोय नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. जाण्याआधी एका दुपारी तुझ्या बापानं मला इस्पितळात बोलावून घेतलं. सलाईनच्या नळीकडे बघून आधी म्हणाला, "हिची साल चांगली आहे रे." मग म्हणाला, "पेटी भाच्याची होईल, ते बरोबरच आहे. पण सुरी लोम्बेची. मी दिली म्हटलं तर घरात भांडण होईल आणि तिच्या आईला ते जड जाईल. तू काही उचललंस तर तुला कुणी बोलणार नाही. तेव्हा निर्लज्ज हो." मी विचारलं, पोरीला तरी सांगू ना? तो म्हणाला, "नको. तिला चेहऱ्यावर काही लपवता येत नाही. नाव दिलं जाईपर्यंत तिला तुझा राग करू दे, तू सोसशील." सोसलं. त्या दिवशी पेटीचं कुलूप उघडं कसं होतं, ते आईला विचार. शनिवारी नाव दिलं गेलं, आता त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंवर आणखी कुणाचा हक्क उरला नाही. या पत्रासोबत सोल्वेझीच्या बसच्या ड्रायव्हरकडे एक पुडकं देतो आहे, फडक्यात गुंडाळलेलं. सांभाळून सोड. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, बोथट हत्यार मी कुणाच्या हाती देत नाही. पण या सुरीला मी दगड लावला नाही, आकड्यात अडकलेला करड्या सालीचा तुकडाही काढला नाही. तो त्याच्या शेवटच्या कामाचा आहे आणि ही धार त्यानं लावलेली आहे. सोमवारची पहिली केबल तिनंच सोल. ही धार गेल्यावर मात्र तुझी तू लाव.

तुझाच,
कपासाकाका, मासेकुळी