वीटभट्टीमागचा झरा

८ जानेवारी, सकाळी ७
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ब्लडप्रेशर उतरवायचं तर दिवसभराच्या धावपळीत एक तरी सुंदर क्षण टिपा. एक कशाला, रोज तीन टिपणार. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यात गावाशेजारची वाल नदी फुगलेली म्हणून पूर अडवणाऱ्या बांधावरची गस्त. वेळ नाही, पण नजर आहे. बायकोला, गेर्डीनला, ती नाही.

संध्याकाळी
क्षण: शून्य. गिऱ्हाइकं फार.

९ जानेवारी
गस्तीला जोडीदार तेउनिस. तीस वर्षं बांधावर, नजर कायम बुटांपाशी. त्याचं तेच पालुपद: पायथ्याला पाणी वर आलं आणि नितळ असलं तर ठीक, वाळू आणत असलं तर बांध आतून पोखरतोय, कळवायला धावत सुटायचं. म्हटलं, बाबा रे, जरा आभाळ बघ. बगळे होते. क्षण एक!

११ जानेवारी, दुपारी २.१०
तेउनिस तापाने आडवा. नियम दोघांचा आहे, पण एकट्याला शांतता मिळते. वीटभट्टीमागे, बांधाच्या गावाकडच्या पायथ्याशी, गवतात ताटलीएवढा झरा. आत बारीक वाळू नाचतेय, भोवती तिचं गोल वारूळ. इतकं देखणं! दहा मिनिटं उभा होतो. गस्तीच्या फॉर्मवर लिहिलं: विशेष काही नाही. तिथे रकाना नुकसानीचा आहे, सौंदर्याचा नाही.

१२ जानेवारी, १.४०
झरे आता तीन. पाणी कॉफीच्या रंगाचं. मेंढ्या लांब कुंपणाला चिकटून उभ्या. मेंढ्यांना काय कळणार!
गेर्डीन विचारत होती, बांध ठीक आहे ना, आईची खाट वरच्या मजल्यावर न्यायची का. म्हटलं, घाबरट आहेस. मी डोळ्यांत तेल घालून बघतोय.

१३ जानेवारी
पाय टाकला तर गवत गादीसारखं हललं. मजा वाटली. क्षण चार. विक्रम! फॉर्म: विशेष काही नाही.

१४ जानेवारी, सकाळी ११. शेजारच्या गावातली शाळा
सहा वाजता बांध खचला. माणसं सगळी सुखरूप बाहेर पडली. सासूबाईंना खुर्चीसकट ट्रॅक्टरवर चढवलं. आमची गल्ली खिडक्यांपर्यंत पाण्यात.
इंजिनिअर विचारत होते, कुणाला आधी काही दिसलं होतं का. मी नाही म्हणालो. गडबडीत गेर्डीनने फोटोंचा अल्बम सोडून ही वही उचलली होती, माझ्या तब्येतीसाठी. यात काहीतरी असेल म्हणत तिने उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली. अकरा तारखेपाशी आल्यावर तिने वही इंजिनिअरपुढे धरली. तेउनिस घोंगडी पांघरून ऐकत होता. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.
इंजिनिअरने वेळा उतरवून घेतल्या आणि वही परत दिली.
सासूबाईंनी एवढंच विचारलं, जावईबापू, फार सुंदर होतं का हो ते?
हो म्हणालो. मग रडू आलं.