वाकळेतून उसवलेला खिसा

आई, सकाळपासून चारदा ट्रंक उघडली आणि चारदा लावली. चहा दोनदा गार झाला. आज लिहून टाकते, नाहीतर आणखी एक दिवस असाच जाईल.

ते पंच्याहत्तरचं महिला वर्ष होतं. फौजेतला आपला दादा एकाहत्तरच्या लढाईत गेला, त्याला चार वर्षं होत आली होती. मी सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवत होते, आणि आमच्या महिला मंडळाचा परदेशातल्या बायकांशी पत्रव्यवहार होता. युद्ध नको, बाईला तिचा हक्क हवा, असं म्हणणाऱ्या देशोदेशीच्या बायका एका सभेत आपापल्या हातचं शिवण मांडणार होत्या. आपली वाकळ पाठवू, हे मीच सुचवलं आणि पाटणला तुझ्याकडे आले. तू गल्लीतल्या सहा जणी गोळा केल्यास. प्रत्येकीनं जुनं लुगडं आणलं. तू मात्र दादाचा फौजी सदरा काढलास, त्याचा खिसा पाठच्या कापडासकट कापलास आणि बरोबर मधोमध लावलास.

मी म्हणाले, "आई, ही शांततेची वाकळ आहे. त्यात हे कसं दिसेल?"

तू दातानं दोरा तोडलास. "आगं, वाकळंत घरातल्या समद्यांचं कापड असतंय. गेलेल्याचं बी. त्या बायांचीबी पोरं गेली असत्याल. त्यास्नी कळंल."

सांगलीला परतल्यावर मी खिसा उसवला आणि तिथं पांढऱ्या कापडावर कबुतर काढून लावलं. पुढे वाकळ पोचल्याचं पत्र आलं. तू विचारलंस, "खिशावर हात फिरवला का कुणी?" मी म्हणाले, "फिरवला. एक म्हातारी रडली." तू ते गावभर सांगत राहिलीस आणि मी पाटणला येणं कमी केलं. शेवटी मिरजेच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही तेच सांगितलंस. मी तुझ्या पायाशी बसून ऐकत होते.

तू गेल्यावर मी सगळ्यांना सांगत आले, की मंडळातल्या बायकांनी उसवायला लावलं. त्यांनी तो खिसा पाहिलासुद्धा नव्हता. त्या शिकलेल्या परदेशी बायका काय म्हणतील, याची मलाच लाज वाटली. बाईचं कुणी ऐकत नाही, असं सभांतून तावातावानं बोलणारी मी.

खिसा ट्रंकेत आहे, कडेला तुझा दोरा लोंबतोय. हे पत्र घडी करून त्यातच ठेवीन. त्याआधी एवढं सांगते. कुणी म्हातारी रडली नव्हती, आई. आलेल्या पत्रात कबुतर छान आहे, इतकंच होतं.