चौसष्टाव्या पानावरचा फुगा

जळगाव,
१४ मे १९६८

प्रिय चुडामण,

या पत्राला चार महिने उशीर झाला. मध्ये तीन वेळा लिहायला बसलो, आणि प्रत्येक वेळी तुझ्या प्रकृतीची चौकशी लिहून झाल्यावर पुढे हात चालेना. हे शब्द तुला लिहायला नको होते, पण खाडाखोड केलेला कागद तुला पाठवायचा नाही, म्हणून राहू देतो.

इकडे ऊन फार आहे. दुपारी छापखान्याचे पत्रे तापतात, शाई पातळ होते. मशीनवरचा बन्सीलाल अजून तसाच, जेवायला म्हणून जातो तो दोन तासांनी उगवतो. तुझ्या टेबलावर कुणी बसत नाही. तुझे ब्रश धुऊन मी उभे ठेवले आहेत.

आपल्या चित्रकथेचे काय झाले, हे तुला कुणी कळवले नसेल. अठ्ठेचाळीस पाने तुझ्या हातची झाली होती, उरलेली सोळा मी केली. मला चित्र येत नाही. सातवीतून शाळा सुटलेल्या मला तू पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरे काढायला घेतलेस, ते केवळ अक्षर बरे आणि शुद्धलेखन चुकत नाही म्हणून. तेव्हा तुझ्या जुन्या पानांवर पातळ कागद ठेवून मी चेहरे गिरवले. थोरल्याचा राग अकराव्या पानावरून, आईचे रडणे विसाव्यावरून, धाकट्याचे हसू तिसऱ्यावरून. माझी मोजपट्टी पाहून रुपचंद शेठजी म्हणाले, "सुकदेव, चित्रं काढतोस की शेत मोजतोस?" पण पाने त्यांना पटली. ज्याला चारशे पानांची मूळ कादंबरी झेपत नाही, तो बाजारात ही चौसष्ट पाने हौसेने घेईल, असे ते अजून म्हणतात.

गोष्ट तुला पाठ आहे. पुरात थोरला भाऊ धाकट्याचा हात सोडतो आणि गावाला सांगतो, की घाबरून धाकट्यानेच सोडला. धाकटा कुठेतरी काठाला लागतो, वाचतो, आणि लोकांनी सांगितलेले त्यालाही खरे वाटते. शेवटच्या प्रकरणात दोघे धर्मशाळेत भेटतात. तिथे लेखकाने एकच वाक्य लिहिले आहे : 'त्याने धाकट्याला सर्व सांगितले.' कादंबरीत तेवढ्याने भागते. आपण दोघांनी वाचले तेव्हा आपल्यालाही काही कमी वाटले नव्हते. चित्रकथेत भागत नाही. चौकटीत थोरला तोंड उघडून उभा, डोक्यावर फुगा, आणि फुग्यात त्याचे शब्द हवेत. मी फुगा रिकामा ठेवून पाहिला. शेठजी म्हणाले, "मुका झाला का रे तो? साठ पानं बडबडला, आता बोलायची वेळ आली तर गप्प?" वीस दिवस काम त्या एका चौकटीवर अडले. थोरल्याच्या चेहऱ्यासाठी तुझी सगळी पाने चाळली. तसा चेहरा तू कुठेच काढलेला नाही.

मार्चमध्ये मी साक्रीला येऊन गेलो, हे तुला माहीत नाही. धुळ्याला बस बदलली, उतरलो तेव्हा आठवड्याचा बाजार भरला होता. तुझी आई मिरच्या घेऊन बसली होती. मी तुझे विचारले. ती म्हणाली, "बठ्ठा कागद चुलामा टाकी दिन्हात त्यानी, भाऊ. म्हणस, मनाच पाय, मनाच हात, कोणले बोल देऊ?" सगळे कागद तू चुलीत घातलेस, आणि माझाच पाय, माझाच हात म्हणतोस, हे ऐकून मी पावशेर मिरच्या घेतल्या आणि पुढच्या बसने परत फिरलो. तुझे घर तिने हाताने दाखवले होते. दिसत होते.

चुडामण, तुझा पाय नव्हता. त्या दुपारी बन्सीलाल जेवायला गेला होता आणि ट्रेडल मशीनवर मी उभा होतो. छापून निघालेल्या पानावर धाकट्याच्या गालावर मला शाईचा ठिपका दिसला. दुसऱ्या कुणाला तो दिसला नसता. ब्लॉकवरचा कण पुसायला मी तुला सांगितले, तू यंत्रात हात घातलास, आणि मी ते पान उजेडात धरून आणखी एखादा ठिपका शोधत राहिलो. पायपट्टीवर पाय माझा होता. तो सवयीने दाबला गेला. तू शुद्ध हरपून पडलास. शेठजी धावत आले, कसे झाले म्हणून विचारले, आणि मी म्हणालो, त्यानेच पायपट्टीवर पाय दिला. तू शुद्धीवर आलास तेव्हा बोटे गेली होती, आणि जो तो तुला माझेच वाक्य सांगत होता. मी उशाशी बसून ऐकत होतो.

काल फुगा भरला. 'तुझा हात सुटला नाही. मी सोडला.' शेठजींनी वाचून मान हलवली, तेव्हा उरलेलेही त्यांना सांगितले. त्यांनी पान खाली ठेवले. मग एवढेच म्हणाले, "त्याला कळवलंस?" म्हणून हे पत्र. मी क्षमा मागत नाही, तू उत्तर द्यावेस असेही म्हणत नाही. फक्त यापुढे स्वतःच्या पायाला बोल लावू नकोस. थोरल्याचा चेहरा मी आरसा समोर ठेवून काढला, तो जमला. धाकट्याला मात्र पाठमोरा काढला आहे. हे ऐकताना त्याचा चेहरा कसा झाला, ते मला ठाऊक नाही.

अजूनही म्हणू दिलेस तर तुझाच,
सुकदेव