चिमूटभर तंबाखू

लोरेनताई,

उद्या हार्बर स्प्रिंग्सच्या मेळ्यात मी मण्यांचा मुकुट उतरवणार. वर्षभर आपल्या ओडावा जमातीने निवडलेली राजकन्या म्हणून मिरवले, हसून हसून गाल दुखले. पर्यटक विचारायचे, "अजून तंबूतच राहता?" मी म्हणायचे, "हो, वायफायवाल्या तंबूत!"

त्याचं काही नाही गं. दमवलं ते घुंगरांच्या झग्याने; तो घालून कुणासाठी नाचलं की त्याचं दुखणं हटतं, असं आपली माणसं मानतात ना. आजारी माणसं रीतीप्रमाणे मागणं म्हणून माझ्या तळहातावर चिमूटभर तंबाखू ठेवायची, "पोरी, माझ्यासाठी नाच." पाय सुजले तरी मी नाचायचे. किती अनोळखी लोकांसाठी नाचले! आणि तू तिकडे डेट्रॉइटला बाटलीत बुडालेली. तुझ्यासाठी एकदाही नाही.

काल मावशीला म्हटलं, "ताईच्या वतीने तूच ठेव ना तंबाखू." पाव तळता तळता ती खेकसली, "आधी तिला तरी बरं व्हायचंय का? तिचं तिला मागू दे!"

हे पत्र पाठवलं, तर मागणारी तू नाही, मीच ठरेन. म्हणून ते झग्याच्या पेटीतच ठेवते. मुकुट उद्या दुसरीच्या डोक्यावर जाईल, झगा मात्र माझाच आहे.

आत्ता पाय शेकत बसलेय. उठवत नाही. पण तू मागितलंस, तर उठेन.

तुझी दमलेली,
डेल्फीन