वळणावरचा हॉर्न

प्रिय ताई,

आपण दोघी गाडी शिकायचो तेव्हा बाबा मागून ओरडायचे, "वळण आलं, हॉर्न वाजव!" आणि तू दचकून वायपर लावायचीस. आठवतं?

इथे लेकीकडे, परदेशात, हॉर्न म्हणजे शिवीच. आज लायसन्सच्या परीक्षेत पलीकडचं न दिसणारं वळण आलं आणि माझा हात आपोआप हॉर्नवर गेला. झाडांना पाणी घालणारे एक आजोबा पाइप तसाच धरून बघत राहिले.

शेजारी बसलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "कोणावर रागावलात?"

"कुणावर नाही हो. पलीकडच्याला सांगितलं, सांभाळ, मी येतेय."

त्या खळखळून हसल्या. "इथे पलीकडचाही हळूच येतो," म्हणाल्या आणि मला पास केलं.

जीव भांड्यात पडला गं! लेकीला दिवसाआड डायलिसिसला नेता नेता जावयाची नोकरी जायची वेळ आली होती. आता मी नेणार.

तिचं दुखणं तुला कळवायचं नाही, अशी तिनं शपथ घातलीय, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. पण मी आता परतायची नाही. फोनवर कारण न देता एवढंच सांगेन: कुंड्या तू घे. शिवणयंत्र कामवालीच्या मुलीला दे. गाडी तुझ्या सुनेला. भाऊजींना देऊ नकोस, ते चालवायचे नाहीत, नुसती पुसत बसतील.

तुझीच,
धाकटी